नर्सिंग होमची पारख: महाराष्ट्रातील एका जुन्या प्रश्नाचा आढावा

प्रसूती, हर्निया, अपेंडिक्स, मुलाचा उतरत नसलेला ताप, आजोबांचा पाय मोडणे. अशा प्रसंगी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय आणि निम्नमध्यमवर्गीय कुटुंब बहुतेक वेळा जवळच्या एखाद्या छोट्या खासगी रुग्णालयात, म्हणजे नर्सिंग होममध्ये, जाते. पाच ते तीस खाटा, डॉक्टर पती-पत्नींची मालकी, खाली ओपीडी, वर वॉर्ड आणि ओटी, जमले तर त्याच इमारतीत डॉक्टरांचे घर, असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) प्रसूती वगळता देशात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्के लोक खासगी रुग्णालयात गेले होते. तालुक्याच्या गावी आणि शहरांच्या उपनगरांत या ५५ टक्क्यांचा मोठा भार नर्सिंग होमच उचलतात.

एखादे नर्सिंग होम चांगले आणि सुरक्षित आहे हे ठरवायचे कशावरून, ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा आणि ठरलेले लोकांना कळणार कसे, हा वाद राज्यात निदान साडेतीन दशके चालू आहे. डॉक्टरांच्या संघटना, रुग्णहक्काचे कार्यकर्ते, महापालिका, विमा कंपन्या आणि न्यायालये या सर्वांनी त्यात भाग घेतला आहे. हा वाद आज कुठे येऊन ठेपला आहे आणि त्यातले काय अजून सुटलेले नाही, ते येथे क्रमाने पाहू.

१. पार्श्वभूमी: १९४९ पासून २०२१ पर्यंत

नर्सिंग होमची नोंदणी सक्तीची करणारा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ सालचा आहे. आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. नोंदणीशिवाय नर्सिंग होम चालवता येणार नाही, नोंदणी ठरावीक मुदतीने नव्याने करून घ्यावी लागेल, जागा योग्य असली पाहिजे आणि पात्र परिचारिका पुरेशा प्रमाणात असल्या पाहिजेत, एवढे या कायद्याचे सार. शहरात महापालिकेचे आरोग्य खाते आणि जिल्ह्यात प्रामुख्याने जिल्हा शल्यचिकित्सकांची यंत्रणा त्यावर देखरेख ठेवते. त्या काळासाठी हा कायदा पुरोगामी होता. कित्येक राज्यांत तेव्हा आणि नंतरही बराच काळ असा कायदा नव्हता.

अंमलबजावणी मात्र दुबळी राहिली. कायद्याचा जोर बराच काळ मोठ्या शहरांपुरताच होता आणि तिथेही नोंदणी म्हणजे अर्ज, शुल्क आणि शिक्का असे तिचे स्वरूप झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील एका खासगी रुग्णालयात झालेल्या मृत्यूनंतर उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, तेव्हा अंमलबजावणीचा हा प्रश्न चव्हाट्यावर आला. त्यानंतर ‘सेहत’ या संस्थेशी संबंधित संशोधक सुनील नांदराज आणि रवी दुग्गल यांनी नव्वदच्या दशकात आधी मुंबईतील आणि मग ग्रामीण महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांची प्रत्यक्ष पाहणी केली. निवासी इमारतींतल्या अपुऱ्या जागा, पात्र परिचारिकांची टंचाई, तोकडी उपकरणे आणि अर्धवट नोंदी असे चित्र त्यांना दिसले. याआधी तक्रारी एकेकट्या रुग्णांच्या असत. या पाहण्यांमुळे पहिल्यांदाच पद्धतशीर निरीक्षण हाती आले आणि पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया घातला गेला.

१९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. नुकसान झाल्यावर भरपाई मागण्याचा रस्ता त्यामुळे खुला झाला. नुकसान होण्याआधी दर्जा तपासण्याचा प्रश्न होता तिथेच राहिला.

२०१० मध्ये केंद्राने क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला आणि तो २०१२ पासून काही राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. आरोग्य हा राज्याचा विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर होते. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. राज्याचा स्वतंत्र कायदा करण्यासाठी समिती नेमली गेली, मसुदे झाले, चर्चा झडल्या, पण कायदा झाला नाही. याउलट कर्नाटकाचा स्वतःचा कायदा २००७ चा आहे आणि २०१७ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्याच वर्षी पश्चिम बंगालने तक्रारींसाठी नियामक आयोग असलेला कायदा केला.

मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे बेकायदा गर्भपाताचे प्रकरण उघडकीस आले, ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले आणि राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीची मोहीम निघाली. मग कोविड आला. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले: साध्या वॉर्डसाठी दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. जानेवारी २०२१ मध्ये १९४९ च्या कायद्याखालील नियमांत दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद लावणे, दर दर्शनी भागात लावणे, बिलासाठी मृतदेह अडवून न ठेवणे आणि स्थानिक पातळीवर टोल-फ्री क्रमांकासह तक्रार निवारणाची व्यवस्था करणे या गोष्टी त्यात आल्या. नवा कायदा रखडलेलाच असताना जुन्याच कायद्याच्या आधाराने रुग्णहक्क नियमांत दाखल झाले. आज राज्य याच टप्प्यावर आहे.

२. मोजायचे म्हणजे काय मोजायचे

वैद्यकीय सेवेचा दर्जा मोजण्याची आजही वापरात असलेली चौकट अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडली. तिचे तीन भाग आहेत. पहिला रचनेचा: जागा, उपकरणे, माणसे, त्यांची पात्रता. दुसरा प्रक्रियेचा: रुग्णासाठी जे करायला हवे ते केले का आणि वेळेवर केले का. तिसरा परिणामांचा: रुग्ण बरा झाला, त्याला गुंतागुंत झाली, की तो दगावला.

१९४९ चा कायदा आणि त्याभोवतीचे बहुतेक परवाने पहिल्या भागातच मोडतात. नर्सिंग होम चालवणाऱ्याला नोंदणीखेरीज अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला लागतो, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, सोनोग्राफी असेल तर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक (पीसीपीएनडीटी) कायद्याखाली, गर्भपात सेवा असेल तर वैद्यकीय गर्भपात कायद्याखाली आणि एक्स-रे असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी लागते. हे सगळे कागद हवेतच. फक्त ते दाखला मिळाला त्या दिवशीची स्थिती दाखवतात. नोंदवलेली परिचारिका रात्रपाळीला खरोखर असते का आणि निर्जंतुकीकरणाचे ऑटोक्लेव्ह रोज नीट चालते का, हे त्यांवरून समजत नाही.

प्रक्रिया मोजायची तर आतले कामकाज पाहावे लागते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी ऑक्सिटोसिन पहिल्या मिनिटात दिले का? शस्त्रक्रियेआधीचे प्रतिजैविक योग्य वेळी दिले का? भूल देण्याआधी रुग्णाची ओळख आणि ॲलर्जी पुन्हा विचारली का? उत्तर मिळण्यासाठी इनडोअर पेपर प्रामाणिकपणे आणि त्या त्या वेळी लिहिलेले असायला हवेत. दोन सिस्टर आणि एक मावशी यांच्यावर चाललेल्या वॉर्डात लिहिण्याचे काम मागे पडते, आणि मग पेपर डिस्चार्जच्या दिवशी एकदम भरले जातात.

परिणाम मोजणे सर्वांत पटण्याजोगे वाटते, पण छोट्या संस्थेत ते सर्वांत अवघड आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८-२० या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले. महिन्याला १५, म्हणजे वर्षाला १८० प्रसूती करणारे एक नर्सिंग होम घेऊ. राज्याच्या सरासरीइतकीच जोखीम धरली तर तिथे साधारण १७ वर्षांत एक मातामृत्यू होईल. तिथली जोखीम सरासरीच्या दुप्पट असली तरी आठ वर्षे एकही मृत्यू न होणे सहज शक्य आहे. ‘आमच्याकडे आजवर काही झाले नाही’ हे विधान खरे असू शकते, आणि तरीही त्यातून सुरक्षिततेविषयी जवळजवळ काहीच कळत नाही.

दुसरी अडचण रेफरलची. नर्सिंग होममधली बाई रक्तस्रावाने गंभीर झाली की तिला ससून, केईएम, घाटी यांसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयात हलवले जाते. ती तिथे दगावली तर मृत्यूची नोंद तिथे होते. वेळेवर आणि योग्य तऱ्हेने पाठवणे हेच चांगल्या नर्सिंग होमचे लक्षण आहे. हात टेकल्यावर उशिरा पाठवणे हे वाईटाचे. आकडेवारीत दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. नर्सिंग होमच्या मूल्यमापनातली ही सर्वांत मोठी तांत्रिक अडचण आहे आणि कायद्याच्या चर्चेत तिचा उल्लेख फार कमी होतो.

३. सुरक्षिततेचे ठळक मुद्दे

गुणवत्तेच्या व्याख्येवर मतभेद होऊ शकतात, पण सुरक्षिततेचे काही मुद्दे सर्वांना मान्य आहेत. त्यांत आग पहिली. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात लागलेल्या आगीत दहा बालके गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या भांडुपमध्ये मॉलमधील रुग्णालयाला आणि एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत ११ रुग्ण दगावले. यांतली दोन रुग्णालये सरकारी होती, दोन खासगी. म्हणजे आगीचा प्रश्न मालकीवर ठरत नाही. बंद काचा, अखंड चालणारी वातानुकूलन यंत्रे, वाढत गेलेल्या उपकरणांचा जुन्या वायरिंगवरचा भार, हवेत वाढलेले ऑक्सिजनचे प्रमाण आणि स्वतः उठून चालू न शकणारे रुग्ण, असा हा संगम आहे.

छोट्या संस्थांसाठी सर्वांत बोलके उदाहरण दिल्लीचे आहे. २५ मे २०२४ रोजी विवेक विहार भागातील एका खासगी नवजात बालक रुग्णालयाला आग लागून किमान सहा अर्भके मृत्युमुखी पडली. तिथे परवानगी पाच खाटांची होती, बाळे बारा होती आणि नोंदणीची मुदत त्याच वर्षी मार्चअखेर संपली होती. ही तफावत कागदावर आधीच दिसू शकली असती. ती घटनेनंतर बाहेर आली.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्याखाली परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा बसवून घ्यायची आणि दर सहा महिन्यांनी, जानेवारीत व जुलैत, ती चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ द्यायचा असतो. डॉक्टरांची अडचण अशी की अनेक नर्सिंग होम चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या निवासी इमारतींत, सहकारी सोसायटीतल्या तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर आहेत. तिथे दुसरा जिना बांधणे किंवा असलेला रुंद करणे एकट्या डॉक्टरच्या हातात नसते.

दुसरा मुद्दा संसर्ग आणि कचऱ्याचा. २०१६ च्या नियमांनुसार जैववैद्यकीय कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत वेगळा करून बारकोडसह सामायिक प्रक्रिया केंद्राकडे द्यावा लागतो. या एका बाबतीत गेल्या पंचवीस वर्षांत व्यवस्था दिसण्याइतकी सुधारली आहे. नियम सुटसुटीत होता, कचरा न्यायला रोज गाडी येत होती आणि रोज नोंद होत होती. नियम पाळण्याची सोय करून दिली की तो पाळला जातो, हे यातून दिसते.

तिसरा मुद्दा रात्रीचा. दिवसा नर्सिंग होममध्ये तज्ज्ञ असतात. रात्री बहुधा निवासी वैद्यकीय अधिकारी (आरएमओ) असतो आणि अनेकदा तो आयुर्वेदाचा (बीएएमएस) किंवा होमिओपॅथीचा (बीएचएमएस) पदवीधर असतो. भूलतज्ज्ञ फिरते असतात आणि एकाच वेळी तीन-चार नर्सिंग होमना सेवा देतात. रक्तपेढी बाहेर असते. रात्री दोनला रक्तस्राव सुरू झाला तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतील, रक्त किती वेळात येईल, रुग्णवाहिका कोणाची आणि पुढचे रुग्णालय घेईल का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर जीव अवलंबून असतो. एकाही परवान्यात ती उत्तरे नोंदलेली नसतात.

४. चार भूमिका

पहिली भूमिका सर्वंकष कायद्याची. जन आरोग्य अभियान आणि पुण्यातील ‘साथी’ यांसारख्या संस्थांनी ती सातत्याने मांडली आहे. डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला, डॉ. अरुण गद्रे यांनी या विषयावर लेखन केले आहे. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात माहितीची एवढी दरी असते की बाजार आपोआप दर्जा राखू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून किमान मानके, प्रमाणित उपचारपद्धती, पारदर्शक दर, रुग्णहक्क आणि कालबद्ध तक्रार निवारण कायद्यात हवे. केवळ नोकरशाहीच्या हाती नियंत्रण देण्यातले धोके त्यांनाही मान्य आहेत. त्यामुळे नियामक मंडळात डॉक्टर, रुग्ण संघटना आणि सामाजिक संस्था यांना स्थान असावे, असा त्यांचा आग्रह आहे.

दुसरी भूमिका डॉक्टरांच्या संघटनांची, विशेषतः इंडियन मेडिकल असोसिएशनची. दर्जाला त्यांचा विरोध नाही. मात्र छोट्या नर्सिंग होमवर मोठ्या रुग्णालयाची मानके लादली तर खर्च वाढेल, छोटी नर्सिंग होम बंद पडतील आणि रुग्ण महागड्या कॉर्पोरेट रुग्णालयांकडे ढकलला जाईल, अशी त्यांची भीती आहे. डझनभर खात्यांच्या परवानग्यांसाठी होणारे हेलपाटे, तपासनिसांच्या मर्जीवर अवलंबून राहणे आणि त्यातून येणारा भ्रष्टाचार हा त्यांचा अनुभव आहे. डॉक्टरांवर हल्ले वाढल्यामुळे राज्याला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, याकडेही ते लक्ष वेधतात. एक खिडकी पद्धत, खाटांनुसार श्रेणीबद्ध मानके आणि जुन्या इमारतींना वाजवी सवलत अशा त्यांच्या मागण्या आहेत.

तिसरी भूमिका स्वेच्छा मानांकनाची. भारतीय गुणवत्ता परिषदेखाली २००५ मध्ये रुग्णालयांना मानांकन देणारे एनएबीएच हे मंडळ स्थापन झाले. पन्नासपर्यंत खाटांच्या छोट्या रुग्णालयांसाठी त्याची वेगळी मानके आहेत आणि त्याआधीची पायरी म्हणून प्रवेशस्तर प्रमाणपत्रही आहे. विमा नियामकाने २०१६ मध्ये कॅशलेस सेवेची सांगड अशा मानांकनाशी घालायला सुरुवात केली. प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या महासंघाने ‘मान्यता’ हा उपक्रम आणला. त्यात प्रसूतीपूर्वीपासून प्रसूतीनंतरपर्यंतची १६ वैद्यकीय मानके आहेत आणि महाराष्ट्राने प्रसूतिकक्षांच्या दर्जासाठीच्या सरकारी ‘लक्ष्य’ कार्यक्रमाशी त्याची जोड घातली. दर्जा शिकवून आणि प्रोत्साहन देऊन वाढतो, असे या बाजूचे मत आहे. यावरचा आक्षेप सरळ आहे. जे आधीपासून चांगले असतात तेच स्वेच्छेने पुढे येतात आणि ज्यांच्यापासून रुग्णाला धोका आहे ते बाहेरच राहतात.

चौथी भूमिका माहिती खुली करण्याची. तपासणीचे निष्कर्ष लोकांसमोर ठेवा, लोक निवड करतील आणि संस्था सुधारतील, असा तिचा विचार. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन तपासणीचे अहवाल प्रसिद्ध करते आणि संस्थांना चार श्रेणींत बसवते. त्या आयोगाच्या स्वतःच्या कामकाजात गंभीर त्रुटी असल्याचे २०२४ मधल्या डॉ. पेनी डॅश यांच्या स्वतंत्र पाहणीत दिसले: तपासण्या रखडलेल्या, श्रेणी कित्येक वर्षे जुन्या. माहिती खुली करण्याआधी ती ताजी आणि विश्वासार्ह ठेवणारी यंत्रणा उभी करावी लागते, हा त्यातला धडा.

५. पुरावा काय सांगतो

कोणत्या उपायाने प्रत्यक्षात जीव वाचतात, यावरचा पुरावा मिश्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीचा आठ शहरांतील आठ रुग्णालयांत झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत दिल्लीतील एक होते. यादी वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात अशीच यादी शंभराहून अधिक रुग्णालयांत सक्तीची झाल्यानंतरच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र लक्षणीय घट दिसली नाही.

आपल्याला अधिक जवळचा अभ्यास उत्तर प्रदेशातला आहे. सुरक्षित प्रसूतीची यादी आणि प्रशिक्षकांचे पाठबळ देऊन १२० आरोग्य केंद्रांत केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. कर्मचाऱ्यांच्या सवयी सुधारल्या, योग्य कृतींचे प्रमाण वाढले. माता आणि नवजातांचे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. पुरेशी कुशल माणसे, रक्त, शस्त्रक्रियेची सोय आणि पुढे पाठवण्याची साखळी नसेल तर यादी एकटी पुरत नाही, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. मानांकनाकडे पाहताना हा निष्कर्ष ध्यानात ठेवायला हवा. प्रक्रिया सुधारणे गरजेचे आहे, पण परिणाम सुधारायला भोवतालची व्यवस्थाही लागते.

अनावश्यक उपचार हाही गुणवत्तेचाच भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील खासगी संस्थांमधील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारी संस्थांमध्ये १४.३ टक्के. या दरीचा काही भाग रुग्णांच्या निवडीचा, काही जोखमीच्या रुग्णांचा आणि काही खासगी व्यवस्थेतल्या आर्थिक व वेळेच्या दबावाचा असावा. कोणता भाग किती, हे या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. त्यामुळे एखाद्या नर्सिंग होमचे सिझेरियनचे प्रमाण जास्त दिसले म्हणून ते वाईट ठरत नाही, आणि त्याचे स्पष्टीकरण मागूच नये असेही नाही.

६. काय सुटलेले नाही

पहिला न सुटलेला प्रश्न माणसांचा. नियम पात्र परिचारिका मागतात. तालुक्यात जीएनएम झालेली मुलगी थोड्या अनुभवानंतर शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, सरकारी नोकरीत किंवा परदेशी जाते. नर्सिंग होममध्ये मग कामावरच शिकलेल्या मुली सिस्टर म्हणून उभ्या राहतात. त्यांतल्या अनेकजणी मन लावून काम करतात. तरीही औषधाचा डोस मोजणे आणि बिघडणारा रुग्ण वेळीच ओळखणे यासाठी शिक्षण लागते. मानक शिथिल केले तर रुग्णाचा धोका वाढतो, काटेकोर लावले तर नर्सिंग होम बंद पडते. यातून मार्ग काढणारी प्रशिक्षण योजना वादाच्या कोणत्याही बाजूने सविस्तर मांडलेली दिसत नाही.

दुसरा प्रश्न रात्रीच्या डॉक्टरचा. आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी पदवीधरांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची मुभा देणारी दुरुस्ती राज्याने २०१४ मध्ये केली. २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून ॲलोपॅथी डॉक्टरांनी आंदोलन केले. हा वाद पदवीचा म्हणून लढला गेला. नर्सिंग होमच्या दृष्टीने त्याआधीचा प्रश्न असा की रात्री हजर असलेल्या व्यक्तीला नेमके काय करण्याची परवानगी आहे आणि तज्ज्ञाला केव्हा बोलवायचे याचा लेखी नियम आहे का.

तिसरा प्रश्न तपासणाऱ्याचा. महापालिकेचा आरोग्य अधिकारी लसीकरण, साथीचे आजार आणि इतर डझनभर कामांतून वेळ काढून नर्सिंग होम पाहतो. त्याला शस्त्रक्रियागृह किंवा नवजात कक्ष तपासण्याचे खास प्रशिक्षण असतेच असे नाही. कायदा कितीही चांगला केला तरी या खुर्चीवर कोण बसणार, हे ठरेपर्यंत तो १९४९ च्याच वाटेने जाण्याचा धोका आहे.

चौथा प्रश्न एकच मानक की श्रेणीबद्ध मानके. दहा खाटांच्या प्रसूतिगृहाला शंभर खाटांचे नियम लावणे अव्यवहार्य आहे हे आता बहुतेकांना मान्य आहे. आग, संसर्ग आणि भूल या बाबतीत मात्र खाटा कमी असल्या म्हणून एकेका रुग्णाची जोखीम कमी होत नाही. कुठे सवलत द्यायची आणि कुठे अजिबात नाही, ही रेघ अजून आखली गेलेली नाही.

पाचवा प्रश्न चुका नोंदवण्याचा. मृत्यू दुर्मीळ असल्याने छोट्या संस्थेला शिकण्यासाठी ‘थोडक्यात वाचले’ अशा घटनांची नोंद लागते: चुकीचे इंजेक्शन भरले पण दिले नाही, रक्ताची पिशवी बदलली होती पण लक्षात आले. केंद्राच्या २०१८ च्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा आराखड्यात अशा नोंदींचा विचार आहे. परंतु लिहिलेला प्रत्येक शब्द उद्या ग्राहक आयोगात किंवा पोलिस ठाण्यात पुरावा म्हणून पुढे येईल अशी धास्ती असेल तर कोणी प्रामाणिकपणे लिहिणार नाही. उत्तरदायित्व आणि शिकण्याची मोकळीक एकत्र कशी नांदवायची, याचे उत्तर जगातही सोपे नाही.

७. तोवर कुटुंबाने काय पाहावे

प्रस्थापित मोजमाप नसले तरी काही गोष्टी रुग्णाच्या नातेवाइकांना आजही तपासता येतात. दर्शनी भागात नोंदणीचे प्रमाणपत्र असते. त्यावरची मुदत आणि मंजूर खाटांची संख्या पाहावी आणि प्रत्यक्ष खाटांशी ताडून पाहावी. दरपत्रक, रुग्णहक्कांची सनद आणि तक्रारीचा क्रमांक लावलेला आहे का, ते पाहावे. शेवटचा फॉर्म बी केव्हाचा आहे, हे विचारावे. बाहेर पडायचे दार कुलूपबंद किंवा सामानाने अडलेले नाही ना आणि स्ट्रेचर जिन्यावर वळते का, हे डोळ्यांनीच दिसते.

ठरवून होणारी शस्त्रक्रिया किंवा प्रसूती असेल तर आधीच शांतपणे विचारावे: रात्री कोण डॉक्टर असतात, भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त कुठून येते, गुंतागुंत झाल्यास कुठे हलवणार. चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न खुपत नाहीत आणि त्याची उत्तरे तयार असतात. उपचारानंतर कागदपत्रांची प्रत मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते. यातून नर्सिंग होमची संपूर्ण पारख होत नाही, पण उघड धोका टाळता येतो. आणीबाणीच्या वेळी मात्र कुटुंबाला यातले काहीच करता येत नाही. म्हणूनच ही जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकून चालणार नाही.

८. सद्यःस्थिती

पंचाहत्तर वर्षांनंतरची बेरीज अशी आहे. राज्याकडे कायदा आहे, २०२१ पासून त्यात रुग्णहक्कही आहेत. स्वेच्छा मानांकनाची शिडी उभी आहे आणि काही शेकडो नव्हे तर हजारो डॉक्टर रोज मन लावून छोटी रुग्णालये चालवत आहेत. ती बंद पडली तर तालुक्यातल्या बाईला प्रसूतीसाठी आणखी लांब जावे लागेल. दुसऱ्या बाजूला, एखाद्या नर्सिंग होमची शेवटची तपासणी केव्हा झाली आणि तीत काय आढळले, हे नागरिकाला सहजपणे पाहता येत नाही. काही महापालिका नोंदणीकृत संस्थांची यादी देतात, पण तपासणीचे निष्कर्ष त्यात सहसा नसतात.

सर्वंकष कायद्याचा, दरांचा आणि पदव्यांचा वाद लवकर मिटेल असे दिसत नाही. तो मिटेपर्यंत थांबावे न लागणारे काम एक आहे. प्रत्येक नर्सिंग होमच्या नोंदणीची मुदत, मंजूर खाटा, आगीची शेवटची तपासणी, रात्रपाळीतील पात्र परिचारिकांची संख्या आणि रेफरलची ठरलेली व्यवस्था, या पाच नोंदी एका जागी आणि तारखेसह लोकांसमोर ठेवणे. यात कोणाच्या मृत्यूंची तुलना नाही, म्हणून छोट्या आकड्यांमुळे कोणावर अन्याय होण्याची डॉक्टरांची भीती इथे लागू होत नाही. रुग्ण संघटनांना हवी असलेली पारदर्शकता यातून निदान सुरू होते. दिल्लीतल्या त्या रुग्णालयाच्या पाच मंजूर खाटा आणि संपलेली मुदत अशा यादीत कोणालाही दिसली असती. गुणवत्तेची पूर्ण मोजपट्टी तयार व्हायला वेळ लागेल. सुरक्षिततेची ही पहिली पाच घरे भरण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती मात्र नर्सिंग होमच्या फायलींत आणि सरकारी खात्यांच्या कपाटांत आजही आहे. ती गोळा करून लोकांपुढे ठेवणे ही महापालिकांची आणि राज्याच्या आरोग्य खात्याची जबाबदारी आहे.